कोर्ट उठेपर्यंत

जज्जबाईंना वकीलमंडळी पाठीमागे ‘फुटपट्टी’ म्हणत. हे बाईंच्या कानावर होतं, आणि खरं सांगायचं तर त्या मनातून सुखावतही होत्या. दया घरी ठेवून कोर्टात यायचं, ही त्यांच्या न्यायाधीश वडिलांची शिकवण. बाईंनी ती बावीस वर्षं पाळली होती.

त्या दिवशी आरोपीच्या पिंजऱ्यात एक टेलरमास्तर उभे होते. साठीचे, बुटके, गळ्यात टेप तशीच राहिलेली. भर दुपारी खिडकीतून ते एका निवृत्त इंजिनिअरच्या घरात शिरले होते.

“चोरलं काय?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” सरकारी वकील चाचरले. “खुंटीवरच्या कोटाची उजवी बाही सव्वा इंच आखूड केली.”

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बाईंनी नुसती मान वर केली आणि सगळे चिडीचूप झाले.

मास्तरांचे वकील उठले. “माझ्या अशिलाचा हेतू वाईट नव्हताच. किंबहुना हेतूच नव्हता...”

“होता की!” मास्तर उसळले. “चुकून बाही लांब झाली माझ्याकडून. दहा वेळा म्हटलं, द्या, नीट करून देतो. हे इंजिनिअरसाहेब म्हणाले, तुमचा हात पुन्हा लागू देणार नाही. आणि रोज तोच कोट घालून माझ्या दुकानावरून फेऱ्या! अंगठा दिसायचा नाही हो, बाईसाहेब. महिनाभर अन्न गोड लागलं नाही मला.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. अशिलानं स्वतःच्याच पायावर इतकी मनापासून कुऱ्हाड मारलेली त्यांनी पाहिली नव्हती.

“आज बाही, उद्या तिजोरी!” इंजिनिअर गरजले. “महिनाभर तरी आत टाका.”

बाईंना हसू येत होतं, म्हणून त्यांनी चेहरा आणखी कडक केला. मग इंजिनिअरच्या पत्नी साक्षीला आल्या.

“मी आतल्या खोलीत झोपले होते. कात्रीचा आवाज आला म्हणून बाहेर आले, तर परका माणूस, हातात कात्री. तेव्हापासून घरी एकटी असले की खिडक्या लावून बसते, उकडून जीव गेला तरी.”

आता कोणी हसलं नाही. मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. “हे माझ्या ध्यानातच आलं नाही, वहिनी,” ते पुटपुटले. मग बाईंकडे वळून म्हणाले, “शिक्षा द्या मला. द्यायलाच हवी.”

“द्याच,” वहिनी म्हणाल्या. “पण तुरुंग नको. बाही आता छान बसते, तेही खरंच आहे.” नवऱ्यानं डोळे वटारले. वहिनींनी तिकडे पाहिलंच नाही.

बाईंनी निकाल दिला, “गुन्हा सिद्ध. शिक्षा, कोर्ट उठेपर्यंत कैद. त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायचं.”

साडेबारा वाजले होते. शिरस्तेदार आनंदानं पुढे वाकले. “बाई, आजची बाकीची कामं तहकूब झालीत. उठूया का?”

उठलं की मास्तर मोकळे. किती सोपं होतं! बाईंनी पेनाचं टोपण उघडलं, लावलं. पाच मिनिटांत सुटले, तर वहिनींच्या भीतीची किंमत ती काय? आणि महिनाभर आत टाकायचं, तर या माणसाला? वडिलांच्या शिकवणीत याचं उत्तर नव्हतं.

“कोर्ट पाचला उठेल,” त्या म्हणाल्या.

शिरस्तेदारांचं तोंड पाहण्यासारखं झालं. रिकाम्या दालनात पंखा कुरकुरत राहिला. मास्तर ताठ बसले होते. बाईही जेवायला गेल्या नाहीत. आपणच दिलेली शिक्षा आपणही भोगतोय, हे लक्षात आल्यावर मात्र त्यांना फाइलआड तोंड लपवून हसावं लागलं. वडील असते तर चांगलेच रागावले असते.

पाचला बाई उठल्या. व्हरांड्यात वहिनी परत येऊन थांबल्या होत्या. मास्तरांनी हात जोडले. “चुकलं माझं, वहिनी.”

“चुकलंच,” वहिनी म्हणाल्या. “पुढच्या वेळी बेल वाजवा. यांना मी बघून घेते.”

बाई काही न ऐकल्यासारखं करून झपझप जिना उतरल्या. पोटात कावळे ओरडत होते.