गोड डाळीची शिफारस

बँकेत बदल्यांची यादी एप्रिलअखेर निघते, म्हणून साहेबांना जेवायला मार्चमध्ये बोलावतात. फेब्रुवारीत बोलावलं तर साहेब विसरतात, एप्रिलमध्ये बोलावलं तर लाच दिसते. मंदार सबनीसला हे पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत तो आणखी काही शिकल्याचा पुरावा नाही.

त्याच्या बायकोला, विनीताला, जूनमध्ये सांगलीला परतायचं होतं. तिथल्या कॉलेजात ती संख्याशास्त्र शिकवायची. मंदारची कोलकात्याला बदली झाली तेव्हा बिनपगारी रजा घेऊन ती सोबत आली. ती रजा आता संपत होती. कॉलेज उघडताना ती हजर नसेल तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"मी पुढे जाते, तू मागून ये," असं तिने एकदा म्हणून पाहिलं.

"अगं, आणि माझ्या जेवणाचं काय? मेसचं खाल्लं की मला ॲसिडिटी होते."

ॲसिडिटीपुढे संख्याशास्त्र काय टिकणार! बदली घेऊन दोघांनी एकत्रच जायचं ठरलं.

बदली पारेखसाहेबांच्या हातात होती. साहेब बडोद्याचे, बायको तिकडे, हे इथे एकटे, आणि स्वयंपाकीण सगळं मोहरीच्या तेलात करणारी.

"त्यांना घरची डाळ खाऊ घालू," मंदार म्हणाला. "आपली आमटी नको हं. त्यांची. गोड."

विनीताने डमडमच्या क्वार्टरमध्ये सराव सुरू केला. पहिल्या खेपेला बाजारात मिळाला तो खजुराचा गूळ घातला; डाळीला संदेश मिठाईचा वास यायला लागला. दुसऱ्या खेपेला हात सवयीने गोड्या मसाल्याच्या डब्यात गेला आणि झाली आमटीच. मग ती मेट्रोने भवानीपूरला गेली, एका गुजराती दुकानात कोकम घेतलं आणि गल्ल्यावरच्या म्हातारीकडून सगळं विचारून आली. तूरडाळ मऊ शिजवून रवीने घुसळायची, पाणी सढळ हाताने घालायचं. शेंगदाणे, कोकम, उसाचा गूळ. फोडणीत मेथीदाणे, लवंग, दालचिनी. मग नुसती उकळत ठेवायची.

"घाई असेल तर करूच नको," म्हातारी म्हणाली.

विनीताला घाई होती. तरी तिने उकळली.

रविवारी पारेखसाहेब आले. पहिली वाटी त्यांनी भातावर घेतली, दुसरी तोंडाला लावली. तिसरीला त्यांचे डोळे भरून आले. मंदारने विनीताकडे पाहिलं : झालं काम.

"विनीताबेन," साहेब बडोद्याच्या मराठीत म्हणाले, "आमच्यात म्हणतात, ज्याची डाळ बिघडली त्याचा दिवस बिघडला. ज्याचं लोणचं बिघडलं त्याचं वर्ष बिघडलं."

म्हणीचा तिसरा भाग बायको बिघडण्याविषयी आहे. तो त्यांनी डाळीबरोबर गिळला.

"सर, ते आमचं सांगलीचं..."

"सबनीस, जेवताना ऑफिस नाही." मग विनीताकडे वळून, "तुम्ही चिंता नका करू. मी बघतो."

त्यांनी बघितलं. यादीत मंदारचं नाव नव्हतं. असा अधिकारी सोडणं कार्यालयाला परवडणारं नाही, अशी खास शिफारस साहेबांनी केली होती. वास्तविक ज्याच्यावाचून साहेबाचं अडतं त्याची बदली होत नाही, हे शिपायालाही कळतं. म्हणून शहाणी माणसं बदली हवी असेल त्या वर्षी थोडं वाईट काम करतात. मंदारने ते केलंही होतं, मनापासून. पण त्याच्या कामाकडे कुणाचं लक्षच नव्हतं.

संध्याकाळी तो एस्प्लनेडहून मिठाई घेऊन आला.

"बढती, विनू! स्वतंत्र केबिन."

"आणि सांगली?"

"सांगली कुठे पळून जातेय?"

"सांगली नाही. जागा जातेय."

"साहेबांशी बोलून दिवाळीपर्यंत करून घेतो ना. तुझ्या कॉलेजला म्हणावं, थोडं थांबा. आत्ता तू निघून गेलीस तर साहेब दुखावतील, मग तेही गेलं." मिठाईचा पुडा सोडत तो म्हणाला, "हो, रविवारी येतायत ते. डाळ जरा जास्त कर. डबा नेणार आहेत."

वर्गात शक्यता शिकवणाऱ्या बाईने या शक्यतेवर विश्वास ठेवला. कॉलेजला पत्र पाठवलं. कॉलेज थांबलं नाही.

जूनमध्ये एका रविवारी सकाळी कालिंदीचा फोन आला. दोघी स्टाफरूममध्ये शेजारी बसायच्या.

"तुझ्या जागी मुलगी रुजू झाली गं. चांगली आहे. तुझं कपाट रिकामं करायला सांगितलंय. वस्तू माझ्या घरी नेऊन ठेवू?"

"ठेव."

"मागे आवाज कसला येतोय?"

"डाळ उकळतेय."

ऑगस्टमध्ये पारेखसाहेबांची स्वतःची बदली झाली. बडोद्याला. शेवटच्या रविवारी ते पोटभर जेवले. "तिकडे अशी डाळ कुठली!" म्हणाले. "आमच्या घरी नाही जमत." चपला घालताना त्यांना आठवलं. "सबनीस, तुमचं ते राहूनच गेलं. नव्या साहेबांच्या कानावर घालून जातो."

त्यांना टॅक्सीत बसवून मंदार वर आला. विनीता भांडी घासायला टाकत होती.

"नवे साहेब मदुराईचे आहेत," तो म्हणाला. "फॅमिली तिकडेच ठेवणार म्हणे. विनू, तुला रसम येतं का गं?"

विनीताची हॉस्टेलमधली पार्टनर तमिळ होती. तिच्याकडून शिकलेलं रसम विनीताला उत्तम येत होतं.

"नाही," ती म्हणाली.

"शिकशील गं," मंदार म्हणाला. "तू हुशार आहेस."