ओघळ

एकच थेंब होता… होडीच्या काठाच्या पट्टीवरून खाली निघालेला, वाटेत वाळून तिथेच घट्ट झालेला, मधाच्या रंगाचा, टाचणीच्या डोक्याहून जरासा मोठा. शेडमध्ये पाऊल टाकल्यापासून तिला दुसरं काही दिसतच नव्हतं. एवढी थोरली होडी समोर उभी, खिडकीतला सगळा उजेड अंगावर घेऊन, आणि ही बघतेय काय, तर ओघळ! बाबांच्या हातून हे व्हायचं नाही. व्हार्निश ओलं असताना ब्रशच्या टोकानं तेवढा थेंब उचलून घ्यायचा, बस. त्यात विद्या कसली आली? पण ज्याला वर्षानुवर्षं शेजारी उभं करून शिकवलं त्या चिरंजीवांना तेवढंही जमलेलं नाही. दादाचंच काम हे. विकायची म्हणून वरवर एक हात मारलाय, गिऱ्हाइकापुढे चकचकीत दिसावी म्हणून. तिच्या कानशिलांत रक्त तापायला लागलं आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. ती भांडायच्या तयारीनंच आली होती.

दादा दाराशी किल्ल्या वाजवत उभा होता. पैसे पोचले सकाळी, हे त्यानं ती गाडीतून उतरता उतरताच सांगून टाकलं होतं, आणि मग काहीतरी चुकल्यासारखं घाईघाईनं, चहा घेणार ना, वहिनीनं आधण ठेवलंय. सख्ख्या बहिणीला बापाची होडी विकणारा भाऊ… तसं न्यायानं बोलायचं तर तो फुकट ने म्हणाला होता, तीच अडून बसली. हॉटेलवाला जे देणार तेच मी देणार, एक पैसा कमी नाही. तळ्याच्या पलीकडे नवं हॉटेल झालं होतं आणि त्याचा मालक ही होडी दाराशी ठेवून, तिच्यात माती भरून फुलझाडं लावणार होता. हे दादानं तिला फोनवर सांगितलं ते चक्क हसत, अगं लोकांना काय काय सुचतं बघ, अशा थाटात. कुंडी! बाबांच्या होडीची कुंडी! त्या दिवशी कारखान्यात कापडाच्या थरावर तिची कात्री वाकडी गेली, आणि कटिंग मास्तरीणबाईंचा हात चुकला म्हणून शिलाईच्या पोरी दुपारभर एकमेकींकडे बघत राहिल्या.

पण काय देखणी होती मेली! रागाच्या भरातही हे कबूल करावं लागत होतं. ती हळूहळू भोवतीनं फिरली, हात पाठीमागे बांधून, लहानपणापासूनच्या सवयीनं. नाकापाशी सगळ्या फळ्या वळून एकत्र येत होत्या, कुठे ओढाताण नाही, जबरदस्ती नाही, जणू लाकडालाच तसं वळायचं होतं, आणि व्हार्निशच्या आत, खोल, रेषा दिसत होत्या लाकडाच्या. एक थर, त्यावर काचकागद, वर दुसरा थर, पुन्हा काचकागद, असा कितीतरी वर्षांचा उजेड त्या थरांत साचून राहिलेला. पितळी कड्या काळवंडल्या होत्या, पण वल्ही जिथे टेकतात तिथे लाकूड घासून गुळगुळीत झालं होतं आणि त्या जागेवरून हात फिरवावा असं तिला इतकं वाटलं की तिनं पाठीमागे बोटं आणखी घट्ट आवळली. आता तर माझी आहे ना ही? पैसे पोचलेत. मग हात का बांधलेत मी?

का म्हणजे काय… माशी म्हणायचे बाबा मला. आठवडाभर चष्म्याच्या दुकानात लोकांच्या भिंगांवर फुंकर घालणारा आमचा बाप सुटीच्या दिवशी शेडमध्ये शिरायचा आणि ओल्या व्हार्निशला धूळ चालत नाही, वारा चालत नाही, मुली तर मुळीच चालत नाहीत. मुलींचे केस पडतात. एक केस पडला की अख्खी फळी पुन्हा घासायची. "माशी, लांब उभी राहा. हात लावू नकोस." आणि दादाला मात्र आत, अगदी जवळ, डबा धरायला. दादा जांभया द्यायचा. एकदा डबा धरून उभ्या उभ्या डुलकी काढलेली मी पाहिलीय. मी उंबऱ्यावर. वेणी घट्ट, वरून रुमाल बांधलेला, तरीही उंबऱ्यावरच. तिथून मी सगळं बघायचे. ब्रश किती बुडवतात, कुठे थांबतात, कोणत्या लाकडावर मान हलवतात. जेवताना ते दादाला समजावत आणि तो ताटात रेघोट्या ओढत बसे, मी ऐकायचे. कोणी मला विचारलं असतं ना, तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही!

आणि म्हातारपणी तरी? शेवटच्या वर्षी ती खास रजा काढून भेटायला आली होती, तेव्हा ते शेडमध्ये होते आणि दाराला आतून कडी. तिनं दार वाजवलं. आतून आवाज आला, व्हार्निश ओलं आहे, नंतर ये. पन्नाशीला टेकलेली बाई, केस निम्मे पिकलेले, आणि बाप आतून कडी लावतो! ती चहा घेऊन बाहेर पायरीवर बसली, चहा गार झाला, ती ताडकन उठली आणि कोणाचाही निरोप न घेता गाडीत जाऊन बसली. नंतर ते अंथरुणाला खिळले, आणि मग भेटी झाल्या त्या औषधांच्या बाटल्यांच्या आणि नातेवाइकांच्या गर्दीत. त्या कडीचा आवाज मात्र तिच्या डोक्यात तसाच राहिला होता. आताही शेडच्या दारातून येताना तिनं पहिल्यांदा त्या कडीकडेच पाहिलं होतं.

"चल, पाण्यात घालू," दादा म्हणाला. त्यानं होडीच्या गाड्याला दोर बांधलासुद्धा होता. शेडच्या मागच्या दारातून सिमेंटचा उतार थेट तळ्यात जात होता. बाबा गेल्यापासून ही जमिनीवरच आहे, एकदा तरंगवून दाखवतो, तुझ्या डोळ्यांदेखत, म्हणजे उद्या म्हणायला नको की दादानं फुटकी गळ्यात मारली… असं काहीबाही बोलत तो चाकांखालचे लाकडी ठोकळे काढायला वाकला.  तीही वाकली, आणि पाठीमागचा हात सोडवून तिनं पहिल्यांदाच होडीच्या अंगाला लावला, पोटापाशी, जिथे फळीला फळी भिडते तिथे.

बोट सरळ घसरत गेलं. कुठे अडखळलंच नाही.

हे बरोबर नाही. इतकी वर्षं कोरडी पडलेली होडी, तिच्या फळ्या आक्रसायला हव्यात, दोन फळ्यांमध्ये फटी दिसायला हव्यात, नख जाईल एवढ्या. तिनं नख रोवून पाहिलं. दगड! फटींत काहीतरी भरलेलं होतं, लाकडाच्याच रंगाचं, आणि वरून व्हार्निश. पुढची फट, तिच्या खालची, त्याही खालची… सगळ्या. ते दोन डब्यांतलं एकत्र कालवायचं लुकण, वाळलं की छिन्नीलाही दाद न देणारं.  जेवणाच्या टेबलावरचा तो आवाज जसाच्या तसा तिच्या कानात बोलायला लागला: लाकूड पाणी पितं, पोरा, फुगतं. कोरड्या होडीच्या फटींत मऊ काहीतरी भर, सुताची वात भर, आणि तिला पाण्यात ठेव, गळू दे खुशाल, दोन दिवसांत फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतील. पण फटींत कडक काही भरलंस तर फुगायला जागा कुठे आहे? मग फळी आतल्या बरगड्यांवर जोर काढते. बरगड्या मोडतात. स्क्रू उपटून येतात. कपड्याच्या शिवणीत जशी माया, जास्तीचं कापड, सोडायची तसंच हे, इतकं साधं… आणि हा गाढव गाडा ढकलायला निघाला होता.

"थांब!" ती ओरडली. "ठोकळा घाल परत. घाल आधी!"

दादा दचकला. त्यानं ठोकळा परत सरकवला आणि मग ती सुटली. साठलेलं सगळं बाहेर आलं. गिऱ्हाइकाला फटी दिसू नयेत म्हणून दगड भरलास ना, म्हणाली. बापानं ताटावर बसवून बसवून शिकवलं, तुझ्या डोक्यात गेलं नाही. ते ज्याला हवं होतं त्याला उंबऱ्यावर ठेवलं आणि ज्याला नको होतं त्याच्या घशाखाली कोंबलं. कुंडीच व्हायची होती तर एवढी मेहनत तरी कशाला घेतलीस? ही आज पाण्यात गेली असती तर दोन दिवसांत आतून मोडली असती, कळतंय का तुला? शिवाय वर ओघळ. तो ओघळही तिनं बोलण्यात ओढला, बोट दाखवून, जणू सगळ्या आयुष्याचा पुरावा तो होता.

दादानं ऐकून घेतलं. भांडण त्याला कधी जमलंच नाही, तो नुसता किल्ल्या बघत राहायचा, तसाच राहिला. मग म्हणाला, "मी नाही भरलं ते. बाबांनी भरलं."

ती हसली, ते हसणं तिला स्वतःलाच घाणेरडं वाटलं. बाबांनी! बाबा असं करतील?

त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्या शेवटच्या वर्षी बाबांनी त्याला दुकानातून ते डबे आणायला सांगितले, नावानिशी, आणि त्यानं आणून दिले. त्याला काय माहीत कोणतं चांगलं आणि कोणतं वाईट, तो तर आयुष्यभर नुसता डबे धरून उभा. खालच्या फटीपासून सुरुवात केली त्यांनी. जेवायला हाक मारली तरी उठायचे नाहीत. हात थरथरायचे म्हणून एका हातानं दुसरा हात धरून भरायचे. संपल्यावर व्हार्निशही त्यांनीच लावलं. आणि मग एका सकाळी शेडमध्ये नुसते बसून होते, ब्रश मांडीवर, आणि म्हणाले, काहीतरी चुकलंय रे, पण काय ते आठवत नाहीये.

"मग तू मला का नाही बोलावलंस?" तिचा आवाज आता खाली आला होता, पण राग तेवढाच होता, कदाचित जास्तच.

"त्यांनीच नको म्हटलं." दादानं पहिल्यांदा तिच्याकडे सरळ पाहिलं. "तू आली होतीस ना, तेव्हा कडी लावून घेतली त्यांनी. मला म्हणाले, माशीला आत सोडू नकोस. तिला लगेच कळेल."

 घरातून वहिनी चहाला हाका मारत होती, एकदा, दोनदा, मग थांबली. तिला कळेल… म्हणजे माहीत होतं. त्यांना माहीत होतं! उंबऱ्यावर उभी असलेली पोरगी काय बघतेय, काय ऐकतेय, सगळं ठाऊक होतं, आणि ते दादाला समजावत होते तेव्हा ते कोणाला समजावत होते? आवाज इतका मोठा का असायचा जेवताना? छे, असं काही नाही, उगाच लाड नकोत. माहीत होतं आणि तरीही आत घेतलं नाही, हे तर जास्त वाईट. आयुष्यात एकदा, एकदाच, हिला कळतं असं त्यांनी म्हटलं, ते दुसऱ्याजवळ, आणि तेही दार बंद करायला सांगताना. मी त्या दाराच्या बाहेर चहा घेऊन बसले होते हो. मला सांगितलं असतं, माशी, काहीतरी चुकलंय, बघ जरा, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, आपण दोघांनी मिळून तेव्हाच सगळं उकरून काढलं असतं, लागला असता वेळ तर लागला असता. तिला रडू नाही आलं. इतका राग आला होता की त्याला धरायला जागाच सापडेना. दादाकडे पाहिलं तर तो बिचारा नुसता उभा होता, पोट सुटलेला, केस गेलेला. त्याच्यावर आता तो राग टाकताही येत नव्हता.

तिनं पर्समधून शिवण उसवायची छोटी आकडी काढली, कायम बरोबर असायची ती, आणि गुडघ्यांवर बसून सगळ्यांत खालच्या फटीत टोक रोवलं. काही झालं नाही. जोर केला तेव्हा एक पांढरट चरा उठला, चिमूटभर भुकटी पडली. आता अगदी जवळून दिसत होतं, काम कसलं सुरेख होतं! कुठे लुकण वर आलेलं नाही, कुठे खड्डा नाही, थरथरत्या हातानं नाकापासून शेपटापर्यंत एका ओळीत ओढलेली रेघ. नीट केलेली चूक. हे सगळं उकरून काढायला महिने लागतील, आणि उकरायचं म्हणजे त्यांचं शेवटचं काम बोटाबोटानं पुसत जायचं, नाही उकरलं तर ही कुंडीच. तिचे केस सुटून तोंडावर आले होते. एक लांब, पांढरा केस फळीवर पडला. ती चटकन मागे सरकली, मग तिच्या लक्षात आलं की मागे सरकायला सांगणारं कोणी नाही, आणि ती पुन्हा पुढे सरकून चरा वाढवायला लागली. केस तिथेच राहू दिला.

दादा काहीतरी मदत करावी म्हणून घोटाळत होता. त्याला तो ओघळ दिसला. वाकून, अंगठ्याचं नख पुढे करून म्हणाला, "हा थेंब तरी मी काढतो, एवढं तर जमेल मला."

"लांब उभा राहा," ती म्हणाली. "हात लावू नकोस."

तो लगेच मागे झाला, थेट उंबऱ्यापर्यंत. ती फटीवरून नजर न काढता बसून राहिली. आकडी हातात तशीच होती. शब्द तिचे नव्हते, आवाजही तिचा नव्हता, आणि ज्याचा होता त्याच्याशी भांडण अजून पुरतं सुरूही झालं नव्हतं.