सूर्यछाप माणिक आणि रुळाचा बोल्ट

धामणगाव रेल्वेच्या कापूस बाजारात त्या रविवारी एकही गाडी आली नव्हती, तरी टिनाच्या शेडखाली पाय ठेवायला जागा नव्हती. कापसाच्या गाठीवर गालिचा होता, गालिच्यावर रत्नमहर्षी प्रभाकरानंद बसले होते आणि त्यांच्या मागे मुंबईहून आणलेला कापडी फलक लावला होता : 'सूर्यछाप रत्नालय. आमचा खडा बोलतो.' खडा काही बोलत नव्हता. महर्षी मात्र क्षणभर गप्प बसत नव्हते.

"देखो भाई, हे माणिक! याच्या पोटात साक्षात सूर्य. सूर्याला अग्नी जाळील? अरे, बापाला पोरगा जाळतो का?"

"जाळते ना," मागून जानराव बोलला, "मसनात."

जानराव रेल्वेत गँगमन होता. लोक हसले, पण महर्षी डगमगले नाहीत. त्यांनी सूर्यछाप अंगठीच्या खड्यावर पांढरा दोरा गुंडाळला, पेटती उदबत्ती त्याला टेकवली आणि पाच वेळा 'ॐ सूर्याय नमः' म्हटलं. दोरा जसाच्या तसा राहिला. मग त्यांनी गर्दीतल्या एकाची, गावच्या सोनाराने घडवलेली अंगठी मागून घेतली आणि तिलाही दोरा बांधला. तिसऱ्या नमनाला दोरा तुटून पडला.

"मेलेला खडा!" महर्षींनी जाहीर केलं. शेडभर हळहळ पसरली.

आठवडाभर गावात हेच चाललं होतं. एका सूर्यछाप अंगठीच्या किमतीत बैलजोडी आली असती. सूर्याचा छाप मात्र कड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे बोट कापल्याशिवाय दिसू नये असा. मग एवढी किंमत दिल्याचं लोकांना कळावं कसं? मोरोपंत वकिलांनी तोड काढली. अंगठीची सोनेरी अक्षरांची रिकामी डबी ते कोटाच्या वरच्या खिशात अर्धी बाहेर ठेवून कोर्टात जाऊ लागले. पंजाबराव पानवाल्याला अंगठी परवडली नाही, तेव्हा महर्षींनी त्याला नुसती डबीच विकली. ती कपाळाला लावल्याशिवाय तो चुन्याला हात लावत नसे.

मी त्याच वर्षी नागपूरहून बी.एस्सी. होऊन इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो होतो. ही सगळी गंमत मी वहीत टिपून ठेवत होतो. गंमत संपली ती त्याच रविवारी, शेजारच्या पार्बताबाई हातातल्या पाटल्या काढून पदरात बांधताना दिसल्या तेव्हा. पार्बताबाई विधवा होत्या आणि देवळासाठी वाती वळत. त्यांची कुंदा इंटरला पहिल्या वर्गात आली होती आणि तिला नागपूरच्या मेडिकल कॉलेजात जागा मिळाली होती. मंगळवारपर्यंत फी भरायची होती आणि त्यासाठी घरात होत्या त्या या दोन पाटल्याच.

"काकू, या कुंदाच्या फीसाठी ठेवल्या होत्या ना?"

"मंग पोरीसाठीच तं घेऊन राहिली ना अंगठी! आमचे भावजी म्हणतात, ग्रह वाकडा असला तं फी भरूनही पोरगी नापास होते." भावजी म्हणजे तेच डबीवाले मोरोपंत, त्यांचे दीर. "आन् महर्षी म्हणे, अंगठी घातली का सरकार सोताहून पैसे पाठवते."

"कोणत्या पत्त्यावर?" कुंदाने विचारलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. "आई, मंगळवारी माझी जागा दुसऱ्याला देतील. कॉलेजात माणिक घेत नाहीत गं."

"तू गप राय. शास्त्र हाय थे."

मला ते शास्त्र ठाऊक होतं. मी शाळेत जाऊन रुळाच्या सांध्याचा एक गंजका बोल्ट आणला. तो जानरावनेच मला प्रयोगांसाठी दिला होता. बोल्ट घेऊन मी गाठीसमोर उभा राहिलो.

"महाराज, माझ्या रत्नाचीही परीक्षा घ्या."

बोल्ट पाहून शेड हसली. मी त्याला दोरा घट्ट गुंडाळला आणि उदबत्ती टेकवली. पाच नमनं झाली, दहा झाली, पंधरा झाली. दोरा शाबूत! विषय संपला, असं समजून मी विजयाने लोकांकडे पाहिलं.

मग पंजाबरावने हात जोडले.

"बाप्पा! बोल्टातही सूर्य!"

"असणारच," मोरोपंत म्हणाले. "कलकत्ता मेल रोज त्यावरून धडधडत जाते. तेज असल्याशिवाय सोसेल का?"

महर्षींनी घाम पुसला आणि संधी साधली. "हेच तर मी सांगत होतो! लोखंड कोणाचं? शनीचं. शनी कोणाचा मुलगा? सूर्याचा! मास्तर, धन्य आहात!"

"जानराव, मले एक बोल्ट दे ना राजा," कोणीतरी म्हणालं.

"मले दोन. जावयाले पाठवतो."

"डोकशावर पडले काय बे?" जानराव ओरडला. "बोल्ट काढसान तं गाडी पडन!"

मी तिथे उभ्या उभ्या एका खोट्या चमत्काराचे दोन करून ठेवले होते. पार्बताबाई पाटल्या घेऊन पुढे आल्या. कुंदाने त्यांचा पदर धरला, तो त्यांनी सोडवला. पण गालिच्यापाशी त्या वाकल्या आणि तिथे पडलेला, मघाचा जळका दोरा त्यांनी उचलला. तो बोटांत फिरवून पाहिला.

"महाराज, हा दोरा ढिला होता."

"माताजी, दोरा म्हणजे दोरा."

"मले नका सांगू. तीस वर्सं झाली वाती वळून राहिली. वात समईच्या पितळेले चिकटली का पेटत नाई. तोंड उचलून हवेत ठेवा लागते, तवा पेटते. तुमी आपल्या खड्याले दोरा चिकटवून बांधला आन् त्याच्या खड्याले लोंबता. काहून?"

महर्षी हसले, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही.

"द्या इकडे तुमचा खडा. मी बांधते."

"स्त्रीच्या हाताने सूर्याला बंधन? पाप! घोर पाप!"

"सूर्य बाईच्या हाताले भेते काय जी?" जानरावने विचारलं.

तेव्हा मोरोपंत उठले. आपल्या अंगठीबद्दल कोणी शंका घेतलेली त्यांना सहन होईना. बोटातली अंगठी काढून त्यांनी पुढे केली. "वहिनी, घ्या. ही अस्सल सूर्यछाप आहे. खुशाल परीक्षा घ्या."

पार्बताबाईंनी दोरा सैल बांधला, खड्यापासून जरासा उचललेला. दुसऱ्या नमनालाच तो तुटला. मग सोनाराच्या 'मेलेल्या' खड्याला त्यांनी दोरा आवळून बांधला. पाच नमनं झाली आणि तो शाबूत राहिला.

महर्षी ताडकन उभे राहिले.

"वकीलसाहेब खोटं बोलतात! म्हणून त्यांच्या अंगठीतला सूर्य निघून गेला!"

"खोटं? मी?" मोरोपंतांचा आवाज चिरकला. "भर बाजारात बेअब्रू! तुमच्यावर फिर्याद लावतो!"

आठवडाभर कोणाच्या सांगण्याने झालं नव्हतं ते या एका वाक्याने झालं. पैसे परत मागणाऱ्यांत वकील सगळ्यांत पुढे होते. महर्षी गालिचा तिथेच टाकून स्टेशनकडे पळत सुटले.

मग मी गाठीवर चढून अर्धं राहिलेलं सांगितलं. दोरा खड्याला किंवा धातूला घट्ट चिकटला, की उदबत्तीची उष्णता खाली ओढली जाते आणि दोरा पेटण्याइतका तापत नाही. माणिक असो, काच असो, बोल्ट असो, थोडा वेळ तरी सगळ्यांचं हेच होतं. सैल दोऱ्याखाली हवा असते, म्हणून तो जळतो. खडा खरा की खोटा, हे या परीक्षेतून कळतच नाही. काच की माणिक, एवढं पाहायचं तरी खडा हवेत आणि पाण्यात तोलून त्याची घनता काढावी लागते. आणि माणिक अगदी खरं निघालं, तरी ते कोणाचा पेपर लिहून देत नाही.

"मास्तर," पार्बताबाईंनी विचारलं, "हे ढिलं बांधून पायनं तुमाले कालेजात शिकवलं नाई काय?"

"शिकवलं होतं, काकू. मीच अर्धा प्रयोग करून थांबलो."

सोमवारी पाटल्या सोनाराकडे गेल्या आणि मंगळवारी दुपारी कुंदा नागपुरात फीच्या खिडकीपुढे रांगेत उभी होती.

हे वाचणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. वस्तूवर कोणाचा छाप आहे आणि ती किती महाग आहे, यावरून ती काय करील हे ठरत नसतं. कोणी चमत्कार दाखवला तर रागावू नका, नमस्कारही करू नका. तोच प्रयोग दुसऱ्या वस्तूवर, आमच्या हाताने, आमच्या पद्धतीने करू द्या म्हणावं. जो करू देत नाही, त्याच्याकडून काही घेऊ नका.