दमवून आणलेली

"तुझ्याच्यानं हा वाफा व्हायचा नाही," बाप एवढंच म्हणाला आणि विळा बांधावर ठेवून चहा प्यायला बसला.

पोरीनं विळा उचलला.

ऊन चढलं, माती पायाला चटके द्यायला लागली, तरी ती वैरण कापतच होती. मी तिची चुलती. शेजारच्या वाफ्यात गवत काढत होते. पोरीला ऐकू जाणार नाही असं तिच्या बापाला विचारलं,

"भाऊजी, आज हिला डॉक्टरकडे न्यायचीय ना? मग दमवताय कशाला?"

"म्हणूनच."

माझे थोरले दीर गुरांचे व्यापारी. लाथाळ गाय बाजारात न्यायची असली, की ते तिला सरळ वाटेनं नेत नाहीत. टेकडीला वळसा घालून, ढेकळांतून, घाम फुटेपर्यंत चालवतात. मग गिऱ्हाईक आचळाला हात लावतं आणि गाय उभ्या उभ्या डोळे मिटते.

"गरीब आहे हो," गिऱ्हाईक म्हणतं.

पोरीचं सांगायचं तर: शाळेत जायची, पण वर्गाच्या दाराशी उभी राहायची, आत पाऊल टाकायची नाही. एकदा दावणीची सगळी गुरं सोडून दिली. विळ्यानं स्वतःचे केस कापले. मग विहिरीच्या काठावर बसायला लागली, पाय आत सोडून. हाक मारली की म्हणायची, "नुसती बसलेय."

तिची आई, माझी जाऊ, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन विचारून आली. डोक्याची डॉक्टरीण महिन्यातून एकदा येते.

घरात बोलणं झालं ते असं:

"वळण नाही पोरीला, बाकी काही नाही." हे माझे यजमान.

"वळण तुम्हाला तरी कुठे आहे?" हे मी.

"दुभत्या गाईच्या लाथा गोड. ही काय देते?" हे भाऊजी. कुणी हसलं नाही.

"मी नेणार," जाऊ म्हणाली.

"ने. पण मी येणार. झाकली मूठ झाकलीच राहू दे," भाऊजी म्हणाले.

वैरण संपल्यावर भाऊजी पोरीला म्हणाले, "आम्ही चालत निघालोय. लांब आहे, तुला झेपायचं नाही. तू राहा घरी."

ती आमच्या पुढे चालत होती. वाटेत गाडी आली. भाऊजींनी हात केला नाही.

दवाखान्याची खोली. टेबल, खुर्च्या, पोपडे धरलेली भिंत. मला काही वाटत नव्हतं. जावेच्या तोंडाकडे पाहिलं, तिथेही काही नव्हतं.

"नाव काय तुझं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पोरीनं सांगितलं.

"राग येतो का खूप?"

मान हलली. हो की नाही, कळलं नाही. पापण्या मिटत होत्या.

"बघा की," भाऊजी म्हणाले, "किती गरीब आहे. उगाच हिच्या आईनं डोक्यात घेतलंय."

"आज तरी शांत दिसतेय. असं करा, पुढच्या महिन्यात..."

"बाई, दमवून आणलीय," जाऊ म्हणाली.

"गप गं."

"सकाळपासून वैरण कापून घेतली. मग उन्हातनं चालवली. ही ती नव्हेच."

"का पण?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भाऊजी खाली बघत म्हणाले, "परक्यासमोर न्यायची. चारचौघांत जरा बरी दिसावी म्हणून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "झोपू दे तिला. मी बाकीचे बघते. जागी झाली की आणा."

बाहेरच्या बाकावर पोरगी आईच्या मांडीवर झोपली. एकेक माणूस आत जात होता, बाहेर येत होता. गर्दी विरळ झाली.

"उठव आता. डॉक्टरीण जाईल निघून," भाऊजी म्हणाले.

"नको. तिची तिला जाग येऊ दे."

इतके महिने ही पोर गप पडावी म्हणून जाऊ नवस बोलायची तेवढी राहिली होती. आता ती तिच्या तोंडाकडे टक लावून बसली होती, कधी एकदा भडकते म्हणून.

पोरीनं डोळे उघडले. छताकडे बघितलं. आमच्याकडे बघितलं.

"कुठे आणलंय मला? फसवून आणलंत ना? हात सोड! सोड म्हणते ना!"

पाण्याचं पिंप आडवं झालं. माणसं वळून बघायला लागली. भाऊजींनी मान खाली घातली.

"बाई," जावेनं दारातून हाक मारली, "उठली."

डॉक्टरीणबाई पाण्यातून चालत बाहेर आल्या.

"आई-बाप बाहेरच थांबतील. चालेल?"

"मला कुणीच नकोय!"

"बरं. मी बसते. तुला उभं राहायचं तर राहा."

पोरगी दाराशी थांबली. किती तरी वेळ थांबली. मग आत गेली. दार लागलं.

आतून आरडाओरडा सुरू झाला. बाप असा, आई अशी, चुलती तर काय विचारूच नका. सगळं बाहेर ऐकू येत होतं. भाऊजी उठले.

"बसा खाली," जाऊ म्हणाली.

ते बसले. मी फडकं शोधून फरशी पुसायला घेतली. पुसून मागे वळले तर आतला आवाज तसाच चढलेला, आणि जाऊ भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून, गाढ झोपली होती.