सातवं रोही

परतवाड्याच्या नत्थुजी लोहाराला बंदुकीच्या पोलादावर निळाई चढवता यायची. या कामाइतकं खाष्ट काम दुसरं नाही, सासू परवडली! बंदुकीची पोलादी पट्टी राखेनं घासायची, चुन्याच्या निवळीत धुवायची, मग निखाऱ्यांवरच्या तापल्या वाळूत ठेवायची. पोलाद पिवळं होतं, तपकिरी होतं, जांभळं होतं, आणि निळं झालं रे झालं की उचलायचं. धुतल्यावर तुपकट बोट लागलं, तर संपलंच.

सध्या हातात होती ती पट्टी खुशालराव देशमुखांच्या परवान्याच्या बंदुकीची. पोळ्याला तोरणाखालून बैल सुटले की देशमुख हवेत बार काढत. पट्टीवर ज्वारीत चरणारी सात रोही, म्हणजे नीलगाई, कोरली होती नत्थुजीच्या धाकट्या भावानं, सूर्यभाननं. कोरता कोरताच त्याचे डोळे गेले. सातवं रोही म्हणजे एक पिल्लू, ते त्यानं नुसत्या अंदाजानं कोरलं. छिन्नी घसरेल या धास्तीनं इतकं हलकं, की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. आता तो पुन्हा कधी कोरणार नव्हता. जन्मभराच्या हुन्नराचं हे शेवटचं काम, आणि ते नत्थुजीला नीट पार पाडायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. नत्थुजी पट्टी धुऊन बसलेला, म्हणून बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायला सूर्यभानच चाचपडत गोठ्यात गेला. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," हे त्यानं बैलांना दिलेलं आमंत्रण नत्थुजीला चुलीपाशी ऐकू आलं. निखारे घेऊन तो परतला, तेव्हा सूर्यभान पट्टीजवळ गुपचूप बसला होता.

निळं आलं. काय निळं होतं ते! आणि नेमके पिल्लावर तीन करडे डाग, बोटांच्या पेराएवढे. नत्थुजीनं भावाच्या हाताकडे पाहिलं. बोटं हळदीनं पिवळी होती. तोंडात आलेली शिवी त्यानं तशीच गिळली. आंधळ्यानं आपल्या लेकराला हात लावला, त्याला काय बोलायचं?

लिंबू चोळलं, चिंच चोळली. जळून बसलेले डाग हलेनात. दुसऱ्या दिवशी सकाळीच देशमुखांचा माणूस दारात येऊन बसला. मग नत्थुजीनं देवाचं नाव घेतलं आणि कुरुंदाच्या खरखरीत भुकटीनं पट्टी घासली. डाग गेले, पण पिल्लूही गेलं. नत्थुजीला रडू फुटलं. दुसऱ्यांदा निळाई मात्र अशी चढली, की देशमुखांचा माणूस वाहवा म्हणाला.

"दे मले," सूर्यभान म्हणाला. "जायच्या आंधी एकडाव पायतो."

त्याची बोटं एकेका रोह्यावरून गेली. सहा झाली. मग त्या गुळगुळीत जागेवर ती नुसतीच फिरत राहिली.

"दादा, पिल्लू कुठी गेलं?"

"माह्या हातून झालं रे. माहाच हात तुपकट होता."

सूर्यभाननं आपली बोटं नाकाशी नेली.

"काहून खोटं बोलतं? तू त गोठ्यात गेलाच नाई. लोणी माह्या हाताले होतं. शेवटचं म्हनून मीच बोट फिरवलं, दादा."

माणूस पट्टी घेऊन गेला. संध्याकाळी तोरणाकडून बार ऐकू आला. सूर्यभानच्या बायकोनं, सुभद्रेनं, त्याच्यापुढे पुरणपोळीचं ताट ठेवलं. दोन्ही हात काखेत दाबून तो भिंतीशी बसला होता. त्यानं ते बाहेर काढले नाहीत.