मास्तरांच्या जळवा

शिवणकामाच्या कारखान्यात कटिंग मास्तरांचा उजवा अंगठा कापड कापायच्या यंत्रात सापडून तुटला, तेव्हा मेव्हण्याने तो बर्फात घालून दवाखान्यात आणला. डॉक्टरीणबाईंनी तासन्‌तास खपून तो जोडला. पण रक्त आत जायचं, परत फिरायचं नाव घेईना. अंगठा जांभळा पडू लागला, तशा बाईंनी साचलेलं रक्त ओढायला त्याला जळवा लावल्या.

मास्तरांना आधी शिसारी आली. मग जळू पिऊन टम्म फुगली आणि अंगठ्यावर लाली चढली, तसा त्यांचा जीव जळवांवर जडला. अंगठ्याशिवाय कात्री नाही, कात्रीशिवाय मास्तरकी नाही. मग मेव्हण्यापुढे हात पसरायचा.

बाईंनी गोळ्याही दिल्या होत्या. जळवेच्या पोटात गोड्या पाण्यातला एक जंतू असतो, तो तिला रक्त पचवायला मदत करतो. मात्र माणसाच्या जखमेत शिरला की मांस सडवतो, त्याच्यासाठी या गोळ्या, असं त्यांनी समजावलं. मास्तरांनी मान डोलावली आणि आपलं गणित मांडलं. गोळी आपल्या रक्तात, रक्त जळवेच्या पोटात. जंतू मेला तर बिचारीला पचणार कसं, आणि पचलं नाही तर ती उद्या पिणार कशी? सिस्टरची पाठ वळली की गोळी गालातून उशीच्या अभ्र्यात जाऊ लागली.

अंगठ्याला वास यायला लागला. बायकोने अभ्रा बदलायला काढला, तर गोळ्या फरशीवर घरंगळल्या. मास्तरांनी सगळं सांगून टाकलं.

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, ताई जेवली नाही तर कधी विचारलं नाहीत. आणि जळवेच्या अपचनाची एवढी काळजी?"

बाईंनी मग सलाइनमधून जालीम औषधं दिली, पण उशीर झाला होता. काळा पडलेला अंगठा काढावा लागला.

पुढे पट्टी बदलताना मास्तरांनी सिस्टरला विचारलं, त्या जळवा आता कुणाला लावल्यात?

"एकदा वापरलेली परत लावत नाही, मास्तर. तुम्हालाही दर वेळी नवीच होती. गळून पडली की स्पिरिटमध्ये टाकून मारतो."

मास्तर म्हणाले, "म्हणजे त्यांना पचवायचं नव्हतंच."

"त्या निदान पोटभर पिऊन गेल्या," बायको म्हणाली. "आपल्याला अजून खायचंय."