चार तासांच्या अंतरावर

गुरुदत्तांनी कोटाच्या बाहीत दुसरा हात घातला आणि नातीला म्हणाले, “आता चेन लाव.”

जुईने चेन थेट त्यांच्या हनुवटीपर्यंत ओढली आणि कोटाला मागे जोडलेली टोपी त्यांच्या डोक्यावर चढवली. ऑक्टोबरातली रविवारची दुपार होती. गिरगावातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पंखा पाचावर फिरत होता, तरी भिंती हात लावला तर गरम लागत होत्या. टोपीच्या फरातून आजोबांचा चष्मा तेवढा दिसत होता. जुई मोठ्याने हसली. कॅनडातलं एडमंटन सोडल्यापासून पहिल्यांदाच. सोफ्यावर बसून लोकरी मोजे जुळवत असलेल्या तिच्या आईने, क्षितिजाने, सिद्धांतकडे पाहिलं आणि पुन्हा मोज्यांत डोकं घातलं.

“उणे तीस म्हणजे नक्की कसं असतं गं?” गुरुदत्तांनी आतून विचारलं.

“नाकातले केस फ्रीझ होतात, आजोबा. श्वास घेतला की टोचतं. आणि डोळ्यांत पाणी आलं ना, तर पापण्या चिकटतात एकमेकींना.”

“म्हणजे रडायचीही सोय नाही म्हण.”

ते तसेच कोट घालून खुर्चीत बसले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम जमला होता. सिद्धांत म्हणाला, “अप्पा, काढा आता, चक्कर येईल.” त्यांनी हातानेच थांब म्हटलं. चौदा वर्षं मुलगा त्या गावात राहिला होता आणि त्यांना एकदाही तिकडे जायला जमलं नव्हतं. आधी पत्नीचे गुडघे, मग तिचं हृदय, मग ती नव्हतीच.

दिवाणखान्यात तीन मोठ्या बॅगा आ वासून पडल्या होत्या. एडमंटनचं घर रिकामं करताना क्षितिजाने फर्निचर विकलं, भांडी वाटली, दातांच्या दवाखान्यातली नऊ वर्षांची नोकरी सोडली. हे जाडजूड कपडे मात्र तिला टाकवले नव्हते. आता आठवड्याभरात रियाधला जायचं होतं. तिथे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, असं जुईने पहिल्याच दिवशी शोधून काढून जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं होतं, आणि नंतर बापाशी बोलणं जवळजवळ बंद केलं होतं.

सिद्धांतला नोकरी बदलायचं असं काही कारण नव्हतं. रियाधमधलं पद एक पायरी खालचंच होतं. पण तिथून मुंबई चार तासांवर होती. जो कोणी विचारेल त्याला सिद्धांत एकच सांगत होता, “अप्पांच्या जवळ यायचं होतं.” ते खोटं नव्हतं. क्षितिजानेही शेवटी मान डोलावली होती ती त्यामुळेच.

बेल वाजली. अनिमेष आला होता. सिद्धांतचा हा सख्खा चुलतभाऊ दादरला राहायचा, दर रविवारी काकांकडे यायचा. डिसेंबरात तो मित्रांबरोबर हिमाचलात ट्रेकला जाणार होता, म्हणून क्षितिजाने त्याला कपडे बघायला बोलावलं होतं.

“काका, हे काय! कुठे निघालात, एव्हरेस्टला?”

“ये. तुझीच वाट बघत होतो. हा मला घट्ट होतोय, तुला बसेल.”

अनिमेषने त्यांना कोटातून बाहेर काढलं. पंच्याने त्यांची मान पुसली, पाण्याचा ग्लास आणून हातात दिला. या घरात काय कुठे असतं ते त्याला न विचारता माहीत होतं. सिद्धांत उठायला गेला होता, तो पुन्हा बसला.

अनिमेषने कोट घालून आरशात पाहिलं, मग काढून हातावर तोलला. “वजन बघ ना याचं. आणि यातही थंडी वाजते म्हणजे कमाल आहे तुमची.” मग त्याचा आवाज जरा खाली आला. “काकी गेल्या तेव्हा तुमच्याकडे केवढा बर्फ होता, नाही? एअरपोर्टच बंद. मी काकांना सांगत होतो, अजून एक दिवस थांबू या, दादा येईल. पण शनिवारी तुझा फोन आला, अजून सगळं बंदच आहे, थांबू नका म्हणून.”

“शनिवारी?” जुईने विचारलं. ती जमिनीवर बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या काढत होती. “नाही, स्टॉर्म शुक्रवारी होता. शनिवारी तर माझी कॅलगरीला स्केटिंगची कॉम्पिटिशन होती. बाबा ड्राइव्ह करून घेऊन गेला होता मला. सिल्व्हर मिळालं ना, ते मी आजीला डेडिकेट केलं होतं. आई, आठवतं?”

क्षितिजाच्या हातात एक मोजा होता. दुसरा ती बॅगेत शोधत राहिली.

अनिमेषने कोटाची चेन खालून वर लावली, मग पुन्हा उघडली. त्या दिवसांत तो दोनदा हॉस्पिटलच्या शवागारात जाऊन आला होता. मुलगा परदेशातून येतोय, असं तिथल्या माणसाला त्यानेच सांगितलं होतं. रविवारी चंदनवाडीच्या स्मशानात अग्नी द्यायला तोच पुढे झाला होता.

“लहान होतीस तू,” गुरुदत्त म्हणाले. “तारखांची गल्लत होते.”

“आजोबा, माझ्या मेडलवर तारीख—”

“जुई, ते बूट आत नेऊन ठेव बघू. पायात येतात.”

जुई आजोबांकडे आणि मग बापाकडे पाहत राहिली. मग बूट उचलून आत गेली. अनिमेषने चहा घेतला, दोन कोट आणि हातमोजे पिशवीत भरले आणि नेहमीपेक्षा लवकर निघाला. दारात तो सिद्धांतला “येतो रे दादा” म्हणाला, पण पाहिलं त्याने काकांकडे.

ऊन उतरल्यावर गुरुदत्तांनी चपला घातल्या. “चल, चौपाटीपर्यंत जाऊन येऊ.”

दोघे जिना उतरले. गुरुदत्त कठड्याला धरून एकेक पायरी घेत होते. सिद्धांतने हात पुढे केला, त्यांनी तो घेतला नाही. रस्त्यावर दिवाळीच्या कंदिलांचे स्टॉल लागायला सुरुवात झाली होती. माणसं भाव विचारून पुढे जात होती.

त्या शनिवारी सकाळी विमानतळ सुरू झाल्याचा मेसेज आला होता. बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. सिद्धांत बुटांच्या नाड्या बांधून जिन्याच्या पायरीवर बसला आणि बसूनच राहिला. आईला तशी बघायला आपण निघालोय, एवढंच त्याच्या मनात येत होतं, आणि त्याच्याच्याने उठवत नव्हतं. क्षितिजा दोनदा येऊन उभी राहिली आणि परत गेली. मग वरून जुई स्केटिंगची पिशवी घेऊन उतरली. ती आज जायचं की नाही हे विचारायला आली होती. त्याने गाडीची किल्ली घेतली. मुंबईला फोन त्याने वाटेत, एका पेट्रोल पंपावरून केला होता.

“अप्पा,” तो म्हणाला, “मघाशी जुई जे—”

“आपल्या खालच्या दीपकची मुलगी तिथेच असते ना, तुमच्या गावात,” गुरुदत्त मध्येच म्हणाले. “ती आली होती तेव्हा तिकडून. चंदनवाडीहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मला भेटायला वर आली. बराच वेळ बसली होती.”

सिद्धांत थांबला. गुरुदत्त थांबले नाहीत, त्यामुळे त्याला पुन्हा चालावं लागलं.

“मी काही विचारलं नाही तिला,” ते म्हणाले. “कधी निघालीस, कशी आलीस, काही नाही. चहा दिला.”

चौपाटीवर गर्दी होती. मुलं वाळूत खड्डे खणत होती. समुद्राला ओहोटी होती, आणि वारा असा नव्हताच. दोघे कठड्यापाशी उभे राहिले. गुरुदत्तांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला.

“मी त्याचसाठी येतोय, अप्पा. सगळं सोडून. क्षितिजाची नोकरी, जुईची शाळा, तिचं स्केटिंग.”

“कळतं मला.”

“तुम्ही काहीतरी बोला ना. रागवा तरी.”

गुरुदत्तांनी चष्मा डोळ्यांवर ठेवला. “तुझी आई शेवटी शेवटी रोज विचारायची, आज किती आहे तिकडे. मी फोनवर बघून सांगायचो. उणे बावीस, उणे अठ्ठावीस. मग म्हणायची, कशाला येतोय एवढ्या थंडीत. इतकी वर्षं तसं सोपं होतं रे. कोणी विचारलं, मुलगा का नाही येत, तर सांगायचं, फार लांब आहे, बर्फ असतो. लोकांना पटायचं. मलाही पटायचं.”

सिद्धांतने कठड्यावर दोन्ही हात ठेवले. दगड दिवसभराच्या उन्हाने अजून तापलेला होता. त्याने हात तसेच राहू दिले.

“तिथे वाळूची वादळं होतात म्हणे,” थोड्या वेळाने गुरुदत्तांनी विचारलं. “विमानं वगैरे बंद ठेवतात का तेव्हा?”

“कधीतरी. थोडा वेळ.”

“अच्छा.”

अंधार पडायला लागला तसे ते परत फिरले. सिग्नलला गाड्या सुटल्या होत्या, थांबावं लागलं. शेजारी एक बाई झोपलेलं मूल खांद्यावर टाकून उभी होती. तिला जागा करून देत गुरुदत्त सिद्धांतच्या जवळ सरकले आणि गाड्यांच्या आवाजात त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाले, “अनिमेषला मी बोलून ठेवलंय. माझं काही झालं की त्यानेच सगळं करायचं. कोणासाठी थांबायचं नाही, दुसऱ्या दिवसावर न्यायचं नाही. तो हो म्हणालाय.”

“कधी बोललात?”

“तुझा फोन आला ना, रियाधचं नक्की झालं म्हणून. त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

सिद्धांतला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “पण आता मी जवळ असेन, अप्पा. चार तासांवर.”

“हो ना,” गुरुदत्त म्हणाले. “म्हणून तर त्याला आधीच सांगून ठेवलं.”

सिग्नल बदलला. गुरुदत्तांनी मुलाचा दंड धरला आणि दोघांनी रस्ता ओलांडला. पलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर त्यांनी हात सोडला आणि जुईला इडली आवडते का, असं विचारलं.